सारजाच्या नावाची होडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गोधड्या झटकायचं. दिवाळी तोंडावर आली होती, ऊन चांगलं होतं. अंगणात दोन टोकं धरून ती उभी, दोन टोकं धरून मी उभा. मी जरा ढिलं धरलं की ओरडायची, "ताणून धरा की, मेल्या उंदरासारखं काय धरलंय!" चार गोधड्या झटकल्या. चौथीत तिच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा होता. बोट ठेवून म्हणाली, हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नेसायची. मी म्हटलं, मला नाही आठवत. खरंच आठवत नव्हतं. संध्याकाळी तिचं अंग तापलं. तिसऱ्या दिवशी, वसुबारसेच्या आदल्या रात्री, ती गेली.

ते मानमोडीचं साल. ज्यांच्या घरात ती येऊन गेली त्यांना सांगायला नको. मान धरायची, पाठ धरायची, ताप चढायचा, आणि धडधाकट माणूस तीन दिवसांत लाकडासारखं पडायचं. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. आमच्या गावात मढं उचलायला चार माणसं मिळेनात. सारजाला आम्ही तिघांनी नेलं, आणि त्यातला एक मी, अंगात ताप असलेला.

सारजा म्हणजे माझी बायको. हयातीत मी तिला नावानं हाक मारली नाही, आता नाव घेतो. लाज कोणाची धरायची?

तिचं माहेर तापीच्या पलीकडच्या काठाला, चोपड्याच्या बाजूला. तिथं कार्तिकी पुनवेला नदीत होड्या सोडतात. केळीच्या सोपटाच्या, हातभर लांब, वर दिवा. दरसाल भाऊबीजेला तिचा भाऊ सुपडू गाडी घेऊन न्यायला यायचा, ती पुनव करून परत यायची, आणि आठ दिवस मला त्या होड्यांचं सांगत बसायची. मी म्हणायचो, बायकांचा खेळ आहे. अडतीस वर्षांत एकदाही गेलो नाही. आमच्या बाजूची माणसंही तिकडे फारशी जात नाहीत. आमची नदी दिवाळीलाच आटते, तिच्यात सोडायचं काय? म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवतो. लिहायला मला जड जातं. दुसरी इयत्ता शिकलेल्या माणसाच्या अक्षराकडे बघू नका.

यंदा भाऊबीजेला सुपडू आला नाही. मला वाटलं, साथीला भ्याला. मीही कार्ड टाकलं नव्हतं. मयताचं कार्ड म्हणजे कोपरा फाडून टाकायचं, आणि सासूला वाचता येत नाही. कोणीतरी चावडीवर उभा राहून मोठ्यानं वाचणार, तुमची पोर मेली. ते मला पटेना. सारजाचं तेरावं झालं आणि मी ठरवलं, आपण स्वतः जायचं, म्हातारीसमोर बसायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. सरळ बोलायला मी कधी घाबरलो नाही. पाटलानं नवा बैल आणला तेव्हा सगळे वाहवा करत होते, मीच म्हटलं, पाटील, हा मागच्या पायानं लंगडतोय. सारजा म्हणायची, तुमच्या तोंडाला कडीच नाही.

अमळनेर

पहिल्या दिवशी अर्धी वाट पायी आणि अर्धी एका कापसाच्या गाडीवर. गाडीवान पोतं डोक्याखाली घेऊन झोपायचा, बैल आपले आपण चालायचे. मीही झोपलो. जाग आली तेव्हा बैल एका बांधावर चरत होते आणि शेताचा मालक आम्हा दोघांना माय-बहिणीवरून हाका मारत होता. नेहमीचं साल असतं तर तो काठी घेऊन धावला असता. यंदा बसल्या जागेवरूनच शिव्या देत होता. अंगात उठायचं बळ नव्हतं बिचाऱ्याच्या.

अमळनेरला पोचलो तर कचेरीवर पताका लावलेल्या. विचारलं तर म्हणे विलायतेतली लढाई संपली, आपण जिंकलो. पताकांच्या खालून लागोपाठ दोन तिरड्या गेल्या. पताका बांधणारा माणूस शिडीवरून एका हातानं नमस्कार करी आणि दुसऱ्या हातानं दोरी आवळी. मी कितीतरी वेळ ते बघत उभा राहिलो. एवढं मोठं झाल्यावर जगानं निदान एक दिवस काम थांबवावं असं मला वाटत होतं.

धर्मशाळेशेजारी एक बाई वांगी भाजत होती. पऱ्हाटीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी लांब वांगी, वरून काळी झाली की लाकडी बडगीत घालून मिरचीबरोबर ठेचायची. आमच्याकडे भरीत चुलीच्या निखाऱ्यावर करतात. तिकडे काडीच्या जाळावर, आणि त्या धुराची चव उतरते. दोन दिवसांत मी धड खाल्लं नव्हतं. कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाल्लं, आणि खाता खाता ध्यानात आलं की मला चव लागतेय. इतका राग आला स्वतःचा. उरलेली अर्धी भाकरी मी कुत्र्याला टाकली. बाई म्हणाली, "काय बाबा, तिखट लागलं का?" मी म्हटलं, "चांगलं लागलं, म्हणूनच."

तिथंच बाजारात मेणबत्त्या घेतल्या. गेल्या साली सारजा म्हणत होती की तेलाचे दिवे वाऱ्यानं विझतात, होडी हलली की कलंडतात, आता तिकडे लोक मेणबत्ती लावायला लागलेत. सासरवाडीला रित्या हातानं जायचं नसतं. गूळखोबरं न्यायचं तर ते आनंदाचं. मेणबत्त्या चालतील असं वाटलं. धोतराच्या गाठोड्यात घातल्या आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर गाठोडं पाठीला उन्हात. काठावर जाऊन सोडलं तर सगळ्या वाकून विळ्यासारख्या झालेल्या.

तापी

तापी मी पहिल्यांदा पाहिली. पाऊस नसल्यानं निम्मं पात्र वाळूच होतं, तरी पाणी एवढं की आमच्या गावची नदी तिच्यात दहा वेळा मावली असती. काठ उंच, मातीचा, आणि पलीकडे केळीची हिरवी पट्टी. उन्हाळ्यासारखी वाळू आणि तिच्यापलीकडे ओला हिरवा रंग. सारजा असल्या जागेतून आमच्या फुफाट्यात आली आणि अडतीस वर्षं राहिली. हे मला त्या काठावर उभं राहिल्यावर कळलं. आधी कळायला पाहिजे होतं.

नाव चालवणारा म्हातारा कोळी होता, हिलाल नावाचा. तोंडात दात नव्हते, दंड मात्र पहिलवानाचे. नावेत आम्ही सात जण. तिकडे एरवी 'कसा शेतस' असं विचारतात. यंदा तो प्रत्येकाला दुसरंच विचारत होता, "घरमा कितला ऱ्हायनात?" म्हणजे घरात किती उरले. कोणी म्हणे चार, कोणी म्हणे सहा. माझ्यापाशी आला.

मी म्हटलं, "एक."

"एक म्हंजे तूच?"

"मीच. बाई गेली. पोरबाळ नाही."

"मन्ही बी गयी," तो म्हणाला. "बुधवारे." आणि वल्हं मारत राहिला. जरा वेळानं म्हणाला, "भांडखोर व्हती. आते नाव चालाडताना कोन्हाशी भांडू?"

बाई गेली असं मी परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. तोंडातून निघतं, एवढं कळलं. म्हटलं, सासूलाही सांगता येईल.

होड्यांचा रिवाज मला हिलालनंच समजावून सांगितला. त्या मेलेल्यांसाठी नसतात. मेलेल्यांना पितरपाठ आहे, अक्षय्यतृतीया आहे. होडी सोडायची ती जित्या माणसाची. घरात जितकी माणसं तितक्या होड्या, आणि सासरी गेलेल्या लेकीचीसुद्धा माहेरीच सोडायची, माय जिवंत असेतो मायनं. नावाडी गुडघाभर पाण्यात उभा राहतो. सोडणारा त्याच्यासमोर येतो. नावाडी विचारतो, कोणाची होडी. नाव सांगायचं. मग विचारतो, "खुशाल शे का?" आपण म्हणायचं, "खुशाल शे." मग हात सोडायचा. तापीमायसमोर सांगितलं की सालभर ते माणूस तिनं सांभाळायचं.

"आणि खोटं सांगितलं तर?"

"खोटं कोन सांगी?" हिलाल म्हणाला. "मायसामने?" मग म्हणाला, मेलेल्याचं नाव जित्यांत कधी घेऊ नये. घेतलं तर त्याला वाटतं आपण अजून घरचेच आहोत. ते पुढं जात नाही. उंबऱ्यातच राहतं.

मी कोणाच्या घरी चाललोय हे त्यानं विचारलं, पण तेवढ्यात नाव वाळूत रुतली आणि सगळ्यांनी उतरून ढकलायला लागलं. माझी एक वहाण चिखलात राहिली ती राहिलीच. एका पायात वहाण घालून मी सासरवाडीला गेलो.

सासरवाडी

पुनवेचाच दिवस. दुपार कलली होती. सासूला सांगायचं ते वाटेत मी मनात घोकत होतो. मामी, बसा. मामी, सारजा गेली. मामी, तिला तीन दिवस ताप होता.

दारात गोजर उभी होती, सुपडूची बायको. मला बघून तिनं पदर तोंडावर घेतला, आणि पदर धरणारा तो हात मला दिसला. मनगट मोकळं. एकही बांगडी नाही.

मी तिथंच थांबलो.

सासू अंगणात बसली होती, सत्तरीची म्हातारी, वाळकुटी. मान वर करून म्हणाली, "जवाईबापू वनात. तुमले कोनी सांगं?"

वनात म्हणजे आलात, हे कळलं, पण ती काय विचारतेय ते मला क्षणभर कळेना. मग ती म्हणाली, "सुपडू गया. आठ दिन व्हई गयात."

सुपडू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. गेल्या साली आमच्या अंगणात एका हातानं गाडीचं चाक उचलून दाखवलं होतं त्यानं. मी अंगणातच बसलो. मी सांगायला आलो होतो, आणि मलाच सांगितलं गेलं. गोजर रडायला लागली, शेजारची एक बाई येऊन रडायला लागली, आणि मी तिथं एका पायात वहाण, हातात मेणबत्त्या, असा बसलेला.

सासू रडत नव्हती. ती माझ्याकडे सरकली.

"सारजाले सांगं नही ना?"

मी मान हलवली. नाही. हे खरंच होतं. सारजाला कोणी सांगितलं नव्हतं.

"बरं कयं. एकला वनात ते बरं कयं. ती डोकं फोडी लिती." माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "दोन डोया व्हतात मना. एक गया, एक शे."

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं. मीही दुसऱ्याला तसंच म्हटलं असतं. तोंड उघडलं होतं मी. परत मिटलं. पाटलाच्या बैलाबद्दल बोलणं निराळं.

मग वाटलं, आधी गोजरला सांगावं, तिनं म्हातारीला सांगावं. गोठ्याशी ती बैलांना पाणी दाखवत होती. मी जाऊन उभा राहिलो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मायनी आठ दिन कायच हातमा लिधं नही. अन्न बी नही. आज सकायले पहिल्यांदा उठनी. बोलनी, सारजानी होडी करनी शे." बादली खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही वनात, चांगलं व्हयनं. तुम्हले देखीसन जेवी."

म्हातारी खरंच जेवली. सुतकाच्या घरातलं, बिनफोडणीचं वरण आणि भाकरी. आमच्याकडे दहा दिवस शेजारणी ताट आणतात. तिकडेही आणतात, पण त्या आळीत तीन घरांना एकाच वेळी सुतक होतं, ताट आणणार कोण? माझ्यासमोर बसून तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. प्रत्येक घासाला मी तिला फसवत होतो.

जेवल्यावर ती म्हणाली, "आमना हातले सुतक शे. यंदा आमन्या होड्या नहीत. पण पोर सासरनी. तिले आमनं सुतक नही, तुमले बी नही. तिनी होडी तुम्ही सोडा."

मी म्हटलं, "मला नाही येत."

"मी सांगस."

म्हणून होडी मी केली. म्हातारी सुतकामुळे तिला शिवायची नाही, दोन हात लांब बसून नुसतं सांगायची. केळीच्या खांबाचं बाहेरचं सोपट सोलायचं, हातभर तोडायचं. दोन्ही टोकं चिमटून बाभळीचे काटे टोचायचे. मध्ये बांबूची एक काडी आडवी, म्हणजे पोट मिटत नाही. ओल्या मातीचा गोळा ठेवायचा, त्यात मेणबत्ती. मी आधी सोपट उलटं धरून टोकं चिमटली. म्हातारी म्हणाली, "पालथी कई ना. मानसं बुडतीन तुमन्या नावमा." शेजारची बाई रडता रडता हसली. दुसरं सोपट घेतलं. मेणबत्ती वाकडी होती, ती तशीच खोचली. म्हातारीनं लांबून बघितलं आणि म्हणाली, "सारजा अशीच उभी ऱ्हास. एक पायवर."

खरं होतं ते. ती तशीच उभी राहायची.

पुनव

दिवस मावळायला आम्ही घाटावर गेलो. घाट म्हणजे उतार पाडलेली माती. म्हातारी माझ्या पुढं, काठी टेकत. पाण्यापासून दहा हात लांब, सुतकातली माणसं उभी होती तिथं, ती थांबली. सुतकातली माणसं जास्त होती, होड्या सोडणारी कमी. सारजा सांगायची की नदी पेटल्यासारखी दिसते. त्या संध्याकाळी मी सहज मोजू शकलो असतो. मोजल्या नाहीत.

पाण्यात हिलाल उभा होता.

तो तिथं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पाठ फिरवायची तर मागं म्हातारी. मी रांगेत उभा राहिलो.

पुढची माणसं एकेक जात होती. कोणाची होडी? झिपरूनी. खुशाल शे का? खुशाल शे! हे 'खुशाल शे' लोक ओरडून म्हणत होते, काठावरच्यांना ऐकू जाईल असं, जणू भांडत होते. एका बाईनं एकामागून एक पाच नावं घेतली आणि पाचव्याला तिचा आवाज फुटला. एक जाडीशी म्हातारी नवऱ्याची होडी घेऊन आली. हिलालनं विचारलं, खुशाल शे का? ती म्हणाली, "शे! दारू पीसन घर पडेल शे! त्याले मानमोडी बी शिवनी नही!" त्या साली, त्या घाटावर, लोक पोट धरून हसले. मीही हसलो. मग माझा पाय पाण्यात पडला. थंडगार पाणी.

हिलालनं मला ओळखलं. माझ्या हातातल्या होडीकडे बघितलं, वाकड्या मेणबत्तीकडे बघितलं.

"कोनी होडी?"

"सारजाची."

"सारजा कोन?"

मी होडी सावरून धरली. त्यानं माझ्या खांद्यावरून काठाकडे बघितलं, जिथं सासू उभी होती. त्याला कळलं. मी बघितलं त्याला कळताना. घरात एकच उरला असं सांगणारा माणूस बायकोची होडी घेऊन आलाय, आणि ही तिची माय.

त्याला नाही म्हणता आलं असतं. तो हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "इचारू का?"

मागची माणसं थांबली होती. मेणबत्तीचं मेण माझ्या अंगठ्यावर गळत होतं. मी मान हलवली, होय का नाही ते मलाच माहीत नाही.

"खुशाल शे का?"

एवढंसं बोलायचं होतं. पाण्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हाताऱ्याला. बोललो असतो तर तापी काही उलटी वाहिली नसती. सासू घरी जाऊन निजली असती, आणि मी सकाळी उठून निघून आलो असतो, आणि ती मरेपर्यंत दरसाल सारजाची वाट बघत राहिली असती. न बोलावं तर इथं, गावासमोर, तिचा दुसरा डोळा मी काढणार. मी उभा राहिलो. हिलालनं दुसऱ्यांदा विचारलं. मी उभाच. मागून कोणीतरी म्हणालं, "पाव्हना बहिरा शे का?"

मग पाण्याचा आवाज झाला. म्हातारी काठी टाकून पाण्यात आली होती. लोक ओरडले, "ओ बूढी, सुतक शे ना!" ती थांबली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माझ्यासमोर आली, माझ्या तोंडाकडे बघितलं, फार वेळ नाही. माझ्या हातातून होडी काढून घेतली.

"इचार," ती हिलालला म्हणाली.

हिलाल म्हणाला, "बूढी, जित्यास्मा..."

"माले ठाऊक शे. इचार."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. खुशाल शे का?

"खुशाल शे," म्हातारी म्हणाली. ओरडून नाही. घरात कोणी विचारलं तर सांगावं तसं. आणि होडी पाण्यावर ठेवली आणि हात काढला.

हिलाल म्हणाला, "ती पुढे जावाव नही मग. घरमाच ऱ्हाई."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घर रिकामं पडेल शे."

आयुष्यात मी बरंच बघितलं. वाघानं नेलेली गाय बघितली, पेटलेलं घर बघितलं. पण साठ वर्षांत असं कोणी काही बोललेलं मी ऐकलं नाही. मेलेल्या लेकीला पुढं जाऊ देत नाही ती, ठेवून घेते, आणि तापीसमोर उभी राहून, सुतकाच्या हातानं. मला वाटलं आता काहीतरी होईल. पाणी वर येईल, आभाळ पडेल. काही झालं नाही. होडी जरा फिरली, धारेला लागली, आणि दुसऱ्या होड्यांच्या मागं निघून गेली. दिवा विझला नाही.

आम्ही दोघं पाण्यातच उभे होतो. तेव्हा तिनं विचारलं, "कधय?"

"वसुबारसेच्या आदल्या रात्री."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजे सुपडूना आगोदर."

"हो."

"त्याले समजनं नही. बरं व्हयनं." मग म्हणाली, "पानी दिधं का कोनी तिले?"

हे कोणी मला विचारलं नव्हतं. तेराव्याला आलेल्यांनीही नाही. मी खोटं बोलू शकलो असतो, तोवर माझ्या ध्यानात आलं होतं की खोटं बोलून माणूस मरत नाही. पण मी म्हटलं, "नाही. मलाही ताप होता. मी पडलो होतो. रात्री तिनं हाक मारली असेल. मला ऐकू आली नाही. सकाळी उठलो तर गार होती. तांब्या भरलेला होता, तिचा हात पोचला नाही."

मला वाटलं ती मारेल. मारायला पाहिजे होतं. ती वळली आणि पाण्यातून काठावर गेली, काठी उचलली, आणि घराकडे चालायला लागली. मी चार पावलं मागं. वाटेत एकदा थांबली तेव्हा मीही थांबलो. घरी गेल्यावर गोजरला तिनंच सांगितलं. मग त्या दोघी रडल्या. इतका वेळ न रडलेली म्हातारी अशी रडली की बैल उठून उभे राहिले. मी ओट्यावर बसून होतो. मला आत कोणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

सकाळी उजाडता उजाडता निघायचं म्हणून गाठोडं बांधलं. वेशीपाशी सुपडूचं शेत. कापूस फुटून आठ-दहा दिवस झालेले, वेचायला कोणी नाही, काही खाली मातीत गळून पडलेला. पाऊस नसल्यानं बोंडं लहान, पण होती. मी बांधावर उभा राहिलो. जावयानं सासरवाडीच्या शेतात राबायचं नसतं. आमच्याकडे नाही, तिकडे तर मुळीच नाही, लोक घरजावई म्हणून हसतात. शिवाय वेचणी बायकांची. मी गाठोडं सोडलं, धोतर कंबरेला बांधून त्याची झोळी केली, आणि पहिली ओळ धरली.

बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या टोकदार असतात हे मला ठाऊक नव्हतं. बोटं रक्ताळली. ऊन आलं तेव्हा बांधावर गोजर आणि तिच्या मागं म्हातारी. दोघी उभ्या राहून बघत होत्या. मी वर बघितलं नाही, वेचत राहिलो. बऱ्याच वेळानं म्हातारीचा आवाज आला, रात्रभर रडून बसलेला.

"ती ओळ सोडा. कच्ची बोंडं तोडी ऱ्हायनात तुम्ही."

मी ती ओळ सोडली आणि पलीकडची धरली.